घरटी एक लाकूड

पनवेलच्या फलाटावर पेणच्या टूरवाल्याची माणसं एकेक करून जमत होती. हौसाने नवऱ्याला, गुणाजीला, बाकड्यावर टेकवलं आणि बॅगांपाशी उभी राहिली. तेवढ्यात समोरून लेकीचा हात धरून धोंडुबाई आली.  अख्ख्या रायगड जिल्ह्यात या टूरवाल्याला दुसरी बाई मिळाली नसती काय?

धोंडुबाईनेही तिला पाहिलं आणि लगेच पाहिलंच नाही असं केलं. चार वर्षांत दोघींचाही त्यात हात बसला होता.

हे आधी सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रोह्याजवळच्या अष्टमी गावाच्या पुढे, आत डोंगराच्या अंगाला या दोघींचं गाव. पावसाळ्यात भात, थंडीत वाल. सरकार दिल्लीत असेल नाहीतर मुंबईत, गाव चालवते ती गावकी. गावकीने गुरचरणाची जागा एका गोडाऊनवाल्याला द्यायची ठरवली, तेव्हा गुणाजी म्हणाला, "मग गुरं काय गोडाऊनमध्ये चरायची?" एवढं बोलून गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण तो रोह्याला जाऊन लेखी हरकत देऊन आला. झालं! देवळापुढे बैठक बसली आणि गुणाजीचं घर वाळीत पडलं.

वाळीत म्हणजे घर तिथेच असतं, माणसंही तिथेच असतात, फक्त गावाला ती दिसेनाशी होतात. गिरणीत दळण नाही, दुकानात मीठ नाही, गणपतीत आरतीला कुणी नाही, लग्नाचं आवतण नाही. आणि त्या घराशी जो एक शब्द बोलेल, तोही त्यांच्याबरोबर बाहेर. अक्षय, हौसाचा मुलगा, डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता, पेणला राहायचा. तो तावातावाने म्हणाला, "बाबा, कायदा आहे याला. केस करू."

"कर की," गुणाजी म्हणाला. "केस केली तर पोलिस येतील. खांदा द्यायला कोण येईल?"

हे तो उगाच बोलला नव्हता. त्या भागात रीत आहे, मयत झाली की घरटी एक लाकूड येतं. बांधावरून डोकी फोडलेली असोत, कोर्टात दावा चालू असो, लाकूड येतंच. माणूस आपल्यातला होता एवढं सांगणारं ते लाकूड. गुणाजीची म्हातारी आई गेली तेव्हा एकाही घरातून आलं नाही. गावात दारं लागली. तिरडीला पुढे गुणाजी आणि अक्षय, मागे अक्षयच्या कंपनीतले दोन बिहारी मित्र, शिफ्ट सोडून आलेले. सरपण पुरेना म्हणून गुणाजीने गोठ्याचे वासे काढले आणि त्यावर आईला जाळलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. त्या दिवशी अख्खं गाव फिरलं आणि वासे तेवढे सोबत राहिले.

त्यानंतर गुणाजी खचला तो खचलाच. आता डॉक्टर म्हणत होते, हृदय थकलंय, पुढचा पावसाळा बघितला तरी पुष्कळ. गुणाजीला मरणाचं भय नव्हतं. त्याचं भय वेगळंच होतं, आणि ते तो हौसाला जेवताना, भांडताना, अंथरुणावर कूस बदलताना सांगायचा. "काय गो, एक तरी लाकूड दुसऱ्या घरचं यायला पाहिजे. नायतर मी ह्या गावात जन्मलो कशाला?"

 लाकूड काही अक्षयला आणता येत नव्हतं, म्हणून त्याने सहल काढली. रणथंभोरचं जंगल, जयपूरचे महाल, शेवटी ताजमहाल. गुणाजीच्या आज्याने वाघ पाहिला होता, बापाने पाहिला नव्हता, गुणाजीच्या वाट्याला शिवेवरचा वाघोबाचा दगड तेवढा आला होता. त्याला वाघ बघायचा होता. डॉक्टर म्हणाले, दगदग नको, मन रमवा. दगदग नको आणि वाघ बघून या, हे कुठलं शास्त्र ते हौसाला कळलं नाही, पण ती निघाली.

आणि निघाली ती नेमकी धोंडुबाईबरोबर. दोघी एकाच माहेरच्या, नागोठण्याकडच्या. हौसाला या गावात आणली ती धोंडुबाईनेच. स्थळ तिने सुचवलं, हळद तिने लावली, अक्षयच्या वेळी गाडी मिळेना तेव्हा बैलगाडीत हौसाचं डोकं मांडीवर घेऊन तीच बसली. तिचा नवरा जनू गावकीत बसणारा, पण साधा माणूस. जिकडे चार हात वर तिकडे त्याचा पाचवा. लेक निशिगंधा पेणला दवाखान्यात नर्स होती. आईला जरा जग दाखवावं म्हणून तिने हौसेने पैसे भरले होते.

"काकू! तुम्ही पण?" निशिगंधा फलाटावरच ओरडली. धोंडुबाईने तिला कोपराने ढोसलं.

"आई, इथे कोण बघतंय?"

"गावाचे डोळे लांब असतात," धोंडुबाई पुटपुटली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

टूरचा माणूस रितेश, पोट सुटलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला, नावं वाचताना थबकला. "अरे वा, दोन्ही घरं एकाच गावची? मग मजाच आहे! गाडीत शेजारी, जीपमध्ये शेजारी, कुठेच ताटातूट नाय करणार तुमची." माणसाने कुणाचं भलं करायचं ठरवलं की त्याला ब्रह्मदेवही अडवू शकत नाही. चौघांना त्याने समोरासमोर बसवलं. हौसाने तांदळाच्या भाकऱ्या सोडल्या, धोंडुबाईने सुकटीची चटणी सोडली. एकीकडे नुसती भाकरी आणि एकीकडे नुसती चटणी असं दोघी खात बसल्या. निशिगंधा मध्ये बसून दोघींकडे बघत होती आणि शेवटी कानात वायर घालून झोपून गेली.

जंगलात पहिल्या सकाळी कडाक्याची थंडी होती. सांबर दिसलं, मोर दिसले. मोर तर आपल्याही डोंगरात आहेत, त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं असं गुणाजी म्हणाला. धोंडुबाईला हसू आलं, ते तिने पदरात लपवलं. हौसाने ते लपवताना पाहिलं. त्या हसण्याची तिला इतकी आठवण येत होती की डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं थंडीने आलं.

दुपारच्या फेरीत जीप एका ओढ्यापाशी थांबली. वाटाड्याने बोट ओठांवर ठेवलं. माकडं ओरडायची थांबली, आणि झाडीतून तो बाहेर आला. रानात त्याचं नाव घेत नाहीत, मोठा म्हणतात. कुणाचीही पर्वा नसल्यासारखा तो मोठा जीपच्या तोंडावरून सावकाश चालत निघाला. गुणाजीने हात जोडले. आणि धोंडुबाईने हौसाचं मनगट गच्च धरलं.

"हौसे! बघ गो, बघ! केवढा हाय!"

चार वर्षांतला तो पहिला शब्द. हौसाने वाघाची फक्त शेपटी पाहिली. ती धोंडुबाईकडेच बघत होती. धोंडुबाईच्याही ध्यानात आलं, तिने हात सोडला, पुन्हा धरला, आणि मग भर जंगलात ती रडायला लागली. वाटाड्याने समजूत काढली, मांजी, घाबरू नका, गेला तो. गुणाजी मान खाली घालून बसला होता. त्याच्याही गालावरून पाणी ओघळत होतं, आणि वाघ बघून की बायांना बघून हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

तिथून पुढे दोघींची तोंडं मिटेनात. जयपूरच्या बसमध्ये चार वर्षांचं बोलून घेतलं. कुणाची सून नांदत नाही, कुणाची म्हैस मेली, अक्षयला मुलगी झाली तेव्हा धोंडुबाईने परसात उभं राहून एकटीने साखर खाल्ली. राजांचे महाल खिडकीतून येत होते आणि जात होते. रितेश शिट्टी वाजवून सांगत होता की या हवामहालाला इतक्या खिडक्या आहेत. "मेल्याला गप्प बसव कुणीतरी," धोंडुबाई म्हणाली, आणि दोघी पोट धरधरून हसल्या. गुणाजी त्यांच्याकडे बघत बसायचा. त्या दोन दिवसांत त्याला दमही कमी लागला.

आग्र्याला पोचल्यावर रितेशने सगळ्यांना ताजमहालासमोर उभं करून माहिती दिली. बादशहाची लाडकी बेगम बाळंतपणात गेली, तिच्यासाठी त्याने हे बांधलं. आत काही नाही, कबर आहे.

"म्हणजे मयतीचं हाय हे?" हौसाने विचारलं.

"असं नका म्हणू काकू, प्रेमाचं प्रतीक आहे."

गुणाजीला चालवेना. त्याला झाडाखालच्या बाकावर बसवून दोघी कठड्यापाशी जाऊन बसल्या. त्या पांढऱ्या घुमटाकडे बघता बघता हौसाचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. "एका बाईच्या मढ्यासाठी ह्यो एवढा दगड वाहून आणला गो. आणि माझ्या माणसाला एक लाकूड मिळत नाय. गाव करील ते राव काय करील म्हणतात ना? खरं हाय. राव एवढं करतो, आणि गाव माणसाचं पार वाटोळं करतं."

 हौसाने धोंडुबाईचे दोन्ही हात हातात घेतले. आयुष्यात तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. वाळीत पडल्यावर मीठसुद्धा मागितलं नव्हतं. "धोंडू, खांदा नको. जेवणं नकोत. हे जातील तेव्हा तुझ्या घरचं एक लाकूड येऊ दे. एवढंसं असलं तरी चालेल. त्यांना आता सांगता येईल असं एक लाकूड."

धोंडुबाईने बाकावरच्या गुणाजीकडे पाहिलं. कानटोपी घालून तो लहान पोरासारखा घुमटाकडे तोंड वर करून बसला होता. "येईल," ती म्हणाली. "पडवीत ऐनाचं हाय, वाळलेलं. जनू काय बोलायचं ते बोलू दे. माझ्या घरचं लाकूड येईल हौसे, शप्पत."

"आई, काकू, इकडे बघा!" निशिगंधाने मोबाईल वर केला. दोघींनी हात धरलेलेच होते, डोळे ओले होते, मागे ताजमहाल होता. फोटो इतका सुरेख आला की कुणालाही दाखवावासा वाटला असता. निशिगंधाने तो स्टेटसला ठेवला. पोरीच्या मनात पाप नव्हतं. गाव सोडून इतकी वर्षं झाली होती की गावकी म्हणजे काय ते ती विसरून गेली होती. पण गावातल्या दोन पोरांकडे तिचा नंबर होता.

परतीच्या गाडीत हौसाने गुणाजीला सगळं सांगितलं. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. "ऐनाचं? खरंच ऐनाचं बोलली?" मग तो झोपला, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा रात्रीत एकदाही दचकून उठला नाही.

पनवेलला उतरताना धोंडुबाईचा फोन वाजला. पलीकडून जनू बोलत होता. तो एरवी फोनवर इतका ओरडायचा की फलाटभर ऐकू यावं; आज धोंडुबाई कानाला फोन दाबून उभी होती आणि शेजारी उभ्या असलेल्या हौसालाही काही ऐकू आलं नाही. पेणला निशिगंधा उतरली. तिथून पुढे धोंडुबाई एस्टीत पुढच्या बाकावर एकटी बसली. अष्टमीला उतरल्यावर तिने मागे वळून न बघता रिक्षा केली. हौसा काय ते समजली. आभाळ फाटलं तिथे ठिगळ कुठे कुठे लावायचं, असं तिला झालं.

रविवारी बैठक बसली. जनूचं घर पुढे बोलावलं होतं. वाळीतल्या माणसाने तिथे फिरकायचं नसतं, पण गुणाजी गोळी घेऊन पडला होता तेवढ्यात हौसा पायात चपला न घालता गेली आणि देवळाच्या पायरीखाली उभी राहिली. नानांनी, म्हणजे गावकीच्या अध्यक्षांनी, मोबाईल सगळ्यांना फिरवून दाखवला. जनू खांबाला टेकून बसला होता, चेहरा राखेसारखा. जनू-धोंडुबाईच्या धाकट्या मुलाचं लग्न माघात ठरलं होतं. घर वाळीत पडलं तर ते लग्नही गेलं, हे तिथे बसलेल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"नाना, मी बोलू काय?" हौसा म्हणाली.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तिच्याशी बोलायचं नव्हतं म्हणून कुणाला तिला गप्प बस असंही म्हणता येईना. तेवढ्या फटीतून हौसा बोलून गेली. "धोंडुबाई माझ्याशी बोलली नाय. गाडीत नाय, जंगलात नाय. मीच तिचा हात धरला. ती सोडवून घेत होती, फोटोत बघा, तिच्या डोळ्यांत पाणी हाय. तिची लेक फोटो काढत होती म्हणून तिला जोरात झटकता आलं नाय. दोष माझा हाय. देवाच्या पायरीवर हात ठेवून सांगते." आणि तिने हात ठेवला. देवापुढे खोटं बोलायची तिची ही पहिली वेळ. हात थरथरला नाही, याचंच तिला पुढे कित्येक दिवस नवल वाटत राहिलं.

नानांनी तिच्याकडे न बघता धोंडुबाईला विचारलं, "ही जी कुणी बोलली, ते खरं काय?"

धोंडुबाई बायांच्या घोळक्यात उभी होती. तिने हौसाकडे पाहिलं. हौसाने अगदी थोडी मान हलवली. हो म्हण, बाई, हो म्हण.

"व्हय," धोंडुबाई म्हणाली.

"मग तूही पायरीवर हात ठेव. बोल, त्या घराशी माझ्या घराचा संबंध नाय. लग्नात नाय, सणात नाय, मयतीत नाय."

नानांना ताजमहालापुढे दिलेल्या शब्दाचं काही ठाऊक नव्हतं. ते नेहमीचंच म्हणत होते, प्रत्येकाकडून म्हणवून घेतात तेच. धोंडुबाई पुढे आली, वाकली. पायरीवर तिचा हात हौसाच्या हाताच्या जागेवरच पडला. लग्नात नाय म्हणाली. सणात नाय म्हणाली. मग थांबली. जनू खांबापासून उठला आणि पुन्हा बसला. कुणीतरी खोकलं.

"मयतीत नाय," धोंडुबाई म्हणाली.

बैठक मोडली. जनूचं घर वाचलं. लोक चहा मागवायला लागले. हौसा घराकडे वळली तेव्हा तिला कुणीही काही बोललं नाही, आणि आज पहिल्यांदा तिला ते बरं वाटलं.

गुणाजी अंथरुणात उठून बसला होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण देवळाकडचा गलका त्याने ऐकला होता. "जनूचं काय झालं?"

"सुटला. आत घेतलं त्याला."

"बरं झालं. माझ्यापायी कुणाचं घर नको बसायला." तो थांबला. मग पोराने खाऊ मागावा तसं त्याने विचारलं, "मग लाकूड येईल ना गो?"

हौसाच्या तोंडाशी सगळं आलं होतं. पायरी, हात, तीन वेळा नाय. पण या माणसाच्या चेहऱ्यावर चार वर्षांनी आलेली उमेद तिने आग्र्याहून सांभाळत इथवर आणली होती. ती कुठल्या तोंडाने काढून घ्यायची?

"येईल," ती म्हणाली. "गुपचूप देईन बोलली. कुणाला सांगायचं नाय."

"शाणी हाय धोंडुबाई," गुणाजी म्हणाला, आणि त्या संध्याकाळी त्याने वालाच्या आमटीबरोबर दोन घास जास्त भात खाल्ला. हौसा समोर बसून वाढत राहिली. तिला कळत होतं की ज्या दिवशी हा जाईल त्या दिवशी याला काही कळणार नाही, आणि ती दारात बसून रस्त्याकडे बघत असेल, तेव्हा रस्ता रिकामाच असेल. हे सगळं एकटीने भोगायचं तिने आत्ताच कबूल केलं होतं. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण तो जेवत होता.

दुसऱ्या दिवशी अक्षयने बापाला रोह्याला डॉक्टरकडे न्यायला अष्टमीहून रिक्षा पाठवली. गावातला एकही रिक्षावाला त्यांना नेत नसे. रिक्षा जनूच्या दारावरून निघाली. जनू अंगणात दात घासत उभा होता. हौसा नको नको म्हणेपर्यंत गुणाजीने बाहेर डोकं काढलं आणि त्याच्याकडे बघून हात वर केला.

जनूने पाहिलं. त्याने तोंडातलं पाणी रिक्षाच्या चाकाशी पचकन थुंकलं, पाठ फिरवली, आत गेला आणि दार धाडकन लावून घेतलं.

हौसाने डोळे मिटून घेतले. शेजारी गुणाजीचं अंग हलायला लागलं. आता याला धाप लागणार म्हणून तिने घाईघाईने त्याचा हात धरला, तर तो हसत होता. खूप दिवसांनी, मनापासून, खांदे गदगदा हलवून.

"बघितलंस काय?" तो तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला. "लोकांसमोर कसं झ्याक नाटक केलं जनूने!"

"व्हय," हौसा म्हणाली. "झ्याक केलं."